सहाची जोडी, साताची जोडी

फोन आला तेव्हा शाळेत खिचडीची सुट्टी चालू होती आणि मी वाढायला उभा होतो. गेवराईच्या रशीद मिस्त्रींचा फोन. एरवी हा माणूस आधी दोन शिव्या घालतो आणि मग कामाचं बोलतो. त्या दिवशी नुसतं म्हणाला, "मास्तर, तुमी या. दादा न्हाई राह्यले." मी बरं म्हणालो. फोन खिशात ठेवला आणि रांगेत राहिलेल्या मुलांच्या ताटांत खिचडी वाढली. एका मुलीनं मीठ मागितलं, तिला मीठ दिलं. मग मुख्याध्यापकांना सांगितलं की माझा मावसभाऊ वारला, मला जावं लागेल. मी ते इतक्या सरळ आवाजात सांगितलं असावं की ते माझ्याकडे बघतच राहिले. पाटोद्याहून निघालो, बीडला एसटी बदलली, खिडकीजवळची जागा मिळाली आणि जागा मिळाल्याचं मला बरं वाटलं... त्या प्रवासातलं एवढंच आठवतं.

सुदामदादाला तोवर सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मी मात्र आधी गॅरेजवर गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. दादा गेवराईत म्हणजे रशीदच्या गॅरेजवर, असं डोक्यात बसलेलं असेल. आमच्या गायन पार्टीची गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. मागची चाकं काढलेली, मागच्या आसाचा मधला फुगीर गोळा उघडा, आणि खाली पोत्यावर गिअरच्या दोन जोड्या शेजारी शेजारी मांडून ठेवलेल्या. रशीद त्यांच्याकडे बोट दाखवूनच बोलत होता. सकाळी त्यानं दादाला विचारलं होतं, यातली कुठली बसवू? दादा म्हणाला, "चहा घेऊन सांगतो." जुन्या टायरवर बसला, चहा आला, अर्धा प्याला आणि पाठीशी रचलेल्या टायरांना डोकं टेकवलं. "मला वाटलं डोळा लागला," रशीद म्हणाला. हे त्यानं मला तीन-चारदा सांगितलं. मी दर वेळी मान हलवली.

चहा घेऊन सांगतो, हे दादाचं सगळ्या गोष्टींवरचं उत्तर. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा वहिनींच्या वडिलांनी तोंडावरच विचारलं की पसंत आहे का, तर हा गडी म्हणाला, चहा घेऊन सांगतो. माझी आई बाजूला बसलेली, तिनं त्याला चिमटा काढला. त्यानं बशीत ओतून, फुंकर मारून सावकाश चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि "हो" म्हणाला. सुमनवहिनी आतून ऐकत होत्या. पुढं आयुष्यभर त्यांनी यावरून त्याला छळलं. चहा कडू लागला असता तर मी कुठं असते, म्हणायच्या. दादा हसायचा. त्याला पटकन बोलणं जमत नसे. लोकांना तो मंद वाटायचा, पण त्याला चुकायची धास्ती होती, एवढंच.

वहिनी गातात. आमच्या भागात जयंतीच्या दिवसांत, विहाराच्या वर्धापनाला, कुणाच्या पुण्यानुमोदनाला गायन पार्टी बोलवतात, तशी आमची पार्टी. वहिनींचा गळा, माझी ढोलकी, पेटीवाले आणि कोरसवाले येऊनजाऊन. मी पाटोद्यात प्राथमिक शाळेवर शिक्षक आहे. सुट्टीच्या दिवशी ढोलकी वाजवतो, की ढोलकीच्या मधल्या दिवसांत शिकवतो, हे माझ्या बायकोला विचारावं. दादाला सुरात खोकताही येत नव्हतं. त्यानं पार्टीला स्टेज दिलं. माल वाहायची जुनी सहाचाकी घेतली आणि तिची एक बाजू बिजागऱ्यांवर अशी बसवली की ती खाली सोडली, खाली टेकू लावले की झालं व्यासपीठ. वर पत्र्याचं छप्पर, मागे जनरेटर, आणि कॅबिनच्या पाठीशी माझ्यासाठी उंच फळी, जिथून टपाच्या वरून पुढचा रस्ता दिसतो. गावात मंडप नसला तरी आमचं अडत नसे. दादानं आमचा कार्यक्रम मात्र समोर बसून कधी ऐकला नाही. तो कॅबिनचं दार उघडं टाकून बसायचा आणि जनरेटरच्या आवाजाकडं कान लावायचा.

आता त्या दोन जोड्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. इंजिनाची ताकद एका लांब दांड्यानं मागे येते. दांड्याच्या टोकाला एक लहान गिअर असतो, तो मागच्या आसात बसलेल्या मोठ्या गिअरला फिरवतो, आणि मोठा फिरला की चाकं फिरतात. मोठ्याला दात एकेचाळीस. लहान्याला सहा असले तर गाडी ओढते जोरात पण चालते हळू. सात असले तर चाल वाढते आणि जोर कमी होतो. एका दाताचा फरक. गॅरेजात कुणी याला गुणोत्तर वगैरे म्हणत नाही, सहा-एकेचाळीस आणि सात-एकेचाळीस म्हणतात, जणू ती दोन माणसांची नावं आहेत. शिवाय चाक मोठं घातलं तर तेही चाल वाढवतं. आमची गाडी घेतली तेव्हा सहाची होती. चढ असो, नांगरलेलं रान असो, ती कुरकुरत का होईना पण पोचायची. हमरस्त्यावर मात्र तिचा जीव जायचा. साठीच्या आसपास काटा आला की इंजिन असं ओरडायचं की आत बोलणं ऐकू येत नसे.

वहिनींना उशिराचा भयंकर राग. गाडी रस्त्यावर रेंगाळली की त्या विचारायच्या, "अवो, आपुन गायाला निघालो का मयताला?" आम्ही सगळे हसायचो. एकदा शिरूर कासारच्या पलीकडच्या एका गावाला आम्ही इतके उशिरा पोचलो की आयोजकांनी दुसऱ्या पार्टीला उभं केलं होतं. लोक रंगात आलेले. कुणी आम्हाला बोललं नाही, चहा दिला, बसायला खुर्च्या दिल्या. वहिनी खुर्चीवर बसून दुसऱ्या बाईचं गाणं शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. पुढच्या आठवड्यात दादानं गाडी रशीदकडं नेली आणि साताची जोडी बसवून आणली. त्याच हंगामात, काळ्या रानात चाकं रुततात म्हणून, मोठे टायरही घातले. गाडी पळायला लागली. वहिनी वेळेवर पोचायला लागल्या आणि नाव वाढलं. आम्हीही खूश.

मग जयंती आली. मिरवणुकीत पुढं पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, त्यांच्या मागं आमची गाडी, गाडीवर आम्ही गाणार. आता माणसं मिरवणुकीत चालतात म्हणजे काय, रमतगमत, ओळखीचं घर आलं की थबकत. सहाची गाडी पहिल्या गिअरात टाकली की पाय वर घेतला तरी तशीच माणसासारखी चालायची. साताची आणि वर मोठ्या चाकांची गाडी त्यापेक्षा हलकीशी पुढं धावते. धावते म्हणजे फार नाही, पण पुढं माणसं आहेत. मग ड्रायव्हरनं क्लच अर्धवट दाबून धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा, आख्खी संध्याकाळ. त्या वर्षी पेठेतल्या चढावर दादाच्या पायात गोळा आला आणि क्लच सुटला. गाडीनं हातभर उडी घेतली. शेवटच्या रांगेतल्या बायका बाजूला पांगल्या आणि माझी आई गुडघ्यांवर पडली. गाडी तिला लागली नाही. ती उठली, साडी झटकली आणि कॅबिनकडं बघून म्हणाली, "आरं सुदाम, कावून ढकलतोस मला?" बायका हसल्या, मिरवणूक पुढं गेली. आईच्या गुडघ्याला हळद लावली आणि विषय संपला.

आमच्यापुरता संपला. दादा त्यानंतर जयंतीच्या दिवशी सकाळपासून अन्नाला शिवत नसे, दिवसभर चहासुद्धा नाही. आम्हाला वाटे, श्रद्धा आहे माणसाची. मिरवणूक विहारापाशी पोचली की तो खाली उतरायचा, पायरीवर बसून डावी मांडी दाबत राहायचा आणि कुणी जयभीम घातला तरी त्याला आधी ऐकू जात नसे. मी त्याला एकदा म्हटलंही, की सहाची जोडी परत टाक ना. तर म्हणाला, टाकतो रे, बघू. दर जयंतीला खोलून बदलायला तो काही कुकरचा वायसर नव्हे. एकदा बसवली ती जोडी वर्षानुवर्षं चालवायची. वर्षभर वहिनींना उशीर करायचा की वर्षातली एक संध्याकाळ जीव मुठीत धरायचा, यातलं त्यानं दुसरं निवडलं होतं. यंदा मागून घरघर यायला लागली म्हणून जोडी काढावीच लागली. साताचीच रशीदनं नीट जुळवून परत ठेवली होती, आणि दादा कुठल्याशा भंगारातून चांगली सहाचीही घेऊन आला होता. दोन्ही तयार होत्या. आणि दादानं चहा मागवला.

जलदान विधी झाला. वंदना म्हणताना माझा आवाज नीट लागला. माणसं आली, बसली, गेली. मी खुर्च्या मांडल्या, खुर्च्या उचलल्या. मला रडू आलं नाही. मी त्याची वाट बघत होतो, आणि ते येत नाही म्हणून थोडी भीतीही वाटत होती. डोक्यात दुसरं काही नसे, फक्त सहा की सात. एक दिवस वर्गात फळ्यावर मी दातेरी चाक काढून ठेवलं होतं, हे मुलांनी विचारल्यावर कळलं. रशीदचे फोन येत. त्याची बिचाऱ्याची जागा अडली होती, कुठली बसवू एवढंच विचारायचा. मी वहिनींना विचारा म्हणायचो. वहिनी म्हणायच्या, भाऊजींना विचारा. हंगाम तोंडावर आला होता. गावोगावची मंडळी आडून आडून विचारत की पार्टी येणार ना. वहिनी सगळ्यांना "बघू" म्हणत होत्या. त्यांनी पेटीला हात लावला नव्हता. आणि खरं सांगायचं तर कुठली जोडी हे ठरलं नाही तोवर गाडी ठोकळ्यांवरून उतरणार नव्हती, गाडी उतरली नाही तर वहिनी पुन्हा गाणार नव्हत्या. त्यांना न गाण्यासाठी एवढं कारण पुरलं असतं. मलाही.

शेवटी एका रविवारी त्यांनीच निरोप धाडला की गेवराईला जाऊन येऊ. आम्ही एसटीनं गेलो. वाटेत बोललो ते कांद्याच्या भावावर. रशीदनं त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. पोत्यापाशी खाली बसल्या. सहा दातांचा लहान गिअर दोन्ही हातांनी उचलून बघितला. पदराला ग्रीस लागलं. दोघांतला फरक त्यांनी रशीदला नीट विचारून घेतला, किती उशीर होतो, पल्ल्याला किती वेळ जास्त लागतो. रशीदनं सांगितलं. मग त्यांनी विचारलं की ते काय म्हणाले होते, त्यांना कुठली पाहिजे होती.

रशीद म्हणाला, "त्ये बोलले न्हाईत, वैनी. पर जयंतीचं लई भ्याव होतं त्यान्ला. म्हनायचे, मास्तरनं लय चढिवली का बाया भराभरा चालत्यात, मंग माझा पाय जरा मोकळा व्हतो."

मी तिथं उभा होतो, आणि मला दर वर्षीची मिरवणूक आठवली. कॅबिनच्या मागच्या खिडकीतून दादाचा आवाज यायचा, "आरुण, जरा चढव." मला वाटायचं, बेसूर माणूस, पण गाण्यात रंगलाय. मी चढवायचो. वहिनी डोळे मोठे करून माझ्याकडं बघायच्या, कारण त्यांचं गाणं पळत होतं. सावकाश म्हणायची गाणी ती, शब्द कळले पाहिजेत. मी पुन्हा खाली यायचो. थोड्या वेळानं पुन्हा खिडकीतून, जरा चढव. आम्ही दोघं वर लयीवरून भांडायचो आणि तो खाली पाय धरून बसलेला असायचा. त्यानं सांगितलं असतं तर वहिनींनी आख्खी मिरवणूक पळत्या लयीत गायली असती. ते त्यालाही माहीत होतं. म्हणूनच त्यानं सांगितलं नसावं.

वहिनींनी एकेक दात बोटानं चाचपून मोजला. गिअर मांडीवर तसाच. मग म्हणाल्या, "सहा टाका. येळ लागंल तर आपुन येरवाळी निघू." उठताना माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भाऊजी, मला कुनी कावून सांगितलं न्हाई?" मी म्हटलं, मलाही आत्ताच कळलं. गाडी कोण चालवणार, हा प्रश्न मी काढायच्या आधीच रशीद म्हणाला की जयंतीला मी चालवतो, पुढचं पुढं बघू. गाडी पाटोद्याला आणली तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो होतो. इंजिन पूर्वीसारखं ओरडत होतं, आणि त्या आवाजात बोलता येत नव्हतं ते बरंच झालं.

जयंतीला उन्हं उतरल्यावर मिरवणूक निघाली. वहिनी गायल्या. पहिल्या गाण्यात आवाज दोनदा अडकला, मग मोकळा झाला. गाडी पहिल्या गिअरात, रशीदचे पाय मोकळे, आणि ती आपली आपण चालली होती, बायकांच्या मागून, अंतर राखून. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला ते सहन होईना. दुःख झालं म्हणावं तर तसंही नाही. पण इतकी वर्षं एक माणूस ज्यासाठी जेवत नव्हता ते काम आता कुणीच करत नव्हतं, आणि काही बिघडत नव्हतं.

पेठेतला चढ लागला. मागच्या खिडकीतून कुणी काही बोललं नाही. आता कुणाला बोलायची गरजही नव्हती. माझा हात मात्र चढला. मी ठरवून केलं नाही. इतक्या वर्षांची सवय, या वळणावर दादा सांगायचाच, म्हणून हात आपणच लय वाढवत गेला. लक्षात आलं तेव्हा मी खाली यायला लागलो. वहिनींनी मान वळवून बघितलं. डोळे मोठे केले नाहीत. पुढची ओळ त्यांनी माझ्याच लयीत उचलली, चढ्या लयीत, आणि मला मागं येऊ दिलं नाही. कोरस आला, टाळ्या आल्या. पुढच्या बायका झपाझप चालायला लागल्या. गाडी बिचारी सहाची, ती आपल्याच चालीनं येत राहिली. शेवटची रांग आणि गाडी यांच्यामधला रस्ता वाढत गेला, आधी गाडीभर, मग दोन गाड्या बसतील एवढा, नुसता रिकामा डांबरी रस्ता, त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडलेल्या. उंच फळीवरून मला तो सगळा दिसत होता. तेवढी मोकळी जागा सुदामदादाला कुठल्याच जयंतीला मिळाली नव्हती.

खिडकीतून रशीदनं विचारलं, "मास्तर, पब्लिक लांब गेली. रेस करू का?"

मी वहिनींकडं बघितलं. त्याही पुढच्या रस्त्याकडंच बघत गात होत्या. मी खिडकीत वाकलो आणि म्हणालो, राहू द्या मिस्त्री, तेवढी जागा राहू द्या.